बंद लॅपटॉपचा टचपॅड दाबला जात नाही: मग काचेवरचं क्लिक येतं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवीन लॅपटॉप बंद असताना टचपॅड दाबला तर अजिबात हलत नाही, सुरू केला की व्यवस्थित क्लिक होतं. हा दोष आहे का? काचेवर इतकं खरं वाटणारं क्लिक देता येतं, तर फोनच्या कीबोर्डवर बटणं बोटाला का जाणवत नाहीत? आणि अ‍ॅप बनवताना कंपन कुठे द्यावं, कुठे टाळावं?

दोष नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये हॅप्टिक टचपॅड आहे, म्हणजे क्लिकचा भास कंपनातून बोटाला देणारा, आणि तो खाली दाबला जावा अशी त्याची रचनाच नाही. टचपॅड आणि टचस्क्रीनचं फोर्स सेन्सिंग (बोटाचा जोर मोजणं) आणि हॅप्टिक्स हेच माझं रोजचं काम आहे. तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

आधी जुना टचपॅड कसा चालतो ते बघू. त्याच्या खाली एक छोटा स्विच असतो आणि स्विचच्या आत घुमटाच्या आकाराची धातूची पातळ चकती. तुम्ही दाबत जाता तसा विरोध वाढत जातो, एका क्षणी चकती आत बसते आणि बोटाखालचा विरोध एकदम उतरतो. आपल्याला ‘क्लिक’ म्हणून जाणवतो तो हा विरोधाचा उतार. अडचण अशी की पॅड वरच्या कडेला बिजागरीसारखा अडकवलेला असतो आणि स्विच खालच्या बाजूला असतो. त्यामुळे खालच्या कडेला हलक्या बोटाने क्लिक होतं, मध्यावर जास्त जोर लागतो आणि बिजागरीजवळ तर जवळजवळ होतच नाही. शिवाय पॅड खाली जाणार म्हणून त्याच्याखाली मोकळी जागा ठेवावी लागते, आणि पातळ लॅपटॉपमध्ये ती जागा काढणं अवघड असतं.

हॅप्टिक टचपॅडमध्ये हे सगळं काढून टाकलेलं असतं. काच चार कोपऱ्यांपाशी धातूच्या छोट्या पट्ट्यांवर टेकलेली असते. बोटाचा भार आला की पट्ट्या अगदी सूक्ष्म वाकतात, त्यांच्यावरचे स्ट्रेन गेज ते वाकणं मोजतात, आणि चारही कोपऱ्यांची बेरीज केली की एकूण जोर कळतो. बोट कुठे आहे हे वरचा कपॅसिटिव्ह थर सांगतो. जोराने ठरलेली मर्यादा ओलांडली की कंट्रोलर खालच्या कॉइलमध्ये करंटचा एक छोटा झटका सोडतो आणि काच क्षणभर हलते. अ‍ॅपलने मार्च २०१५ मध्ये फोर्स टच ट्रॅकपॅड आणला तो याच तत्त्वावर. पुढे विंडोज लॅपटॉपमध्येही असे पॅड आले. मायक्रोसॉफ्टच्या २०२१ च्या सरफेस लॅपटॉप स्टुडिओमध्ये हॅप्टिक टचपॅड आहे. काही कंपन्या कॉइलऐवजी पिझो पट्ट्या वापरतात. पिझोला व्होल्टेज दिलं की तो वाकतो, आणि दाबलं की स्वतः व्होल्टेज देतो. म्हणजे दाब ओळखणं आणि झटका देणं ही दोन्ही कामं एकाच पट्टीकडून करून घेता येतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट दिशेची आहे. कॉइलच्या अशा पॅडमध्ये काच खाली जातच नाही, ती आडवी सरकते, तीही मिलिमीटरच्या छोट्या अंशाने. आणि तरी तुम्हाला शपथेवर सांगावंसं वाटतं की पॅड खाली गेला. गाब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे आणि व्हिन्सेंट हेवर्ड या संशोधकांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की बोट पृष्ठभागावरून फिरत असताना आडव्या दिशेचं बल योग्य तऱ्हेने बदललं, तर सपाट जागीही उंचवटा किंवा खड्डा जाणवतो. त्यांनी खरा उंचवटा ठेवून त्यावर खड्ड्याचं बल दिलं, तेव्हा लोकांना खड्डाच जाणवला. बोटाचा मेंदूशी असलेला व्यवहार आकारापेक्षा बलावर जास्त चालतो. टचपॅडवर बोट फिरत नसतं, दाबत असतं, त्यामुळे तो प्रयोग इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण आडव्या बलाला बोट उभ्या दिशेचा अर्थ देऊ शकतं, हे मर्म दोन्हीकडे एकच.

बोटाच्या त्वचेत स्पर्श ओळखणारी चार प्रकारची ग्राहकं असतात. मर्केल पेशी स्थिर दाब आणि कडा ओळखतात, रुफिनी ताण ओळखतात, माइसनर हळू थरथर आणि वस्तू निसटणं पकडतात, आणि पॅसिनियन वेगवान कंपन पकडतात. पॅसिनियन ग्राहकं २५० हर्ट्झच्या आसपास इतकी संवेदनशील असतात की एका मायक्रॉनपेक्षा कमी हालचालही त्यांना कळते. हॅप्टिक्सचा जवळजवळ सगळा धंदा या एका ग्राहकावर उभा आहे. थोड्या ऊर्जेत, थोड्या हालचालीत मोठा परिणाम मिळवायचा तर तिथेच मिळतो. याची किंमतही आहे, पण तिच्याकडे पुढे येतो.

तुमच्या पॅडवर एक गोष्ट करून बघा. एका बोटाने अगदी सावकाश दाबत जा, क्लिक आलं की तिथेच थांबा आणि मग तितक्याच सावकाश सोडा. सोडताना दुसरा, थोडा हलका झटका येईल, आणि पहिला झटका आला त्यापेक्षा जोर बराच कमी झाल्यावर येईल. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. दाबायची आणि सोडायची मर्यादा एकच ठेवली, तर त्या सीमेवर थबकलेलं बोट नैसर्गिक थरथरीने सीमा पुन्हा पुन्हा ओलांडतं आणि एका क्लिकची चार क्लिक होतात. ओढून नेताना, म्हणजे ड्रॅग करताना, फाइल मध्येच सुटते ती बहुतेक वेळा हे अंतर नीट न ठरवल्यामुळे. आता सेटिंगमध्ये हॅप्टिक फीडबॅक बंद करून पुन्हा दाबा. क्लिक नोंदवलं जाईल, पण बोटाला काहीच कळणार नाही, आणि तुम्ही नकळत गरजेपेक्षा जास्त जोर लावायला लागाल. झटका बोटाला ‘आता थांब’ सांगतो, हे त्या दोन मिनिटांत जितकं पटतं तितकं वाचून पटत नाही.

चांगला आणि वाईट हॅप्टिक पॅड यांतला फरक मुख्यतः वेळेत असतो. जुन्या फोनमध्ये एका बाजूला जड वजन लावलेली फिरणारी मोटर असायची. तिला वेग घ्यायला काही दशक मिलिसेकंद लागतात आणि थांबायलाही तितकेच. म्हणून तिचं कंपन नेहमी ‘गुर्रर्र’ असं पसरट येतं. तिच्याकडून क्लिक मिळणं शक्य नाही. नंतर आलेल्या लिनियर मोटरमध्ये स्प्रिंगवरचं वजन एका रेषेत पुढे-मागे हलतं. ती साधारण १५० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या आपल्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीला चटकन प्रतिसाद देते. पण स्प्रिंगला छेडलं की ती नंतरही हलत राहते, म्हणून ड्रायव्हर चिप शेवटी उलट्या दिशेचा करंट देऊन तिला ब्रेक लावते. कुरकुरीत क्लिक हवं असेल तर सुरुवातीच्या झटक्याइतकंच हे ब्रेक लावणं महत्त्वाचं, आणि स्वस्त उपकरणांत नेमकं तेच टाळलेलं असतं. पिझो याहून वेगवान, एक-दोन मिलिसेकंदांत हजर होतो, मात्र त्याला दहा-वीस नव्हे तर शंभराच्या घरात व्होल्ट लागू शकतात आणि त्यासाठी वेगळं सर्किट द्यावं लागतं.

आणखी एक बाब, जिचा उल्लेख जाहिरातीत कधीच येत नाही: शून्य कुठे धरायचं. स्ट्रेन गेज तापमानाबरोबर सरकतात. लॅपटॉप गरम झाला, तुम्ही तळहाताचा भार पुढच्या कडेवर टाकला, मशीन मांडीवर घेतलं आणि बॉडी किंचित पिळली गेली, तरी गेजना वाटतं की कोणीतरी दाबतंय. म्हणून फर्मवेअर, म्हणजे पॅडच्या चिपमधला अंगभूत प्रोग्राम, सतत शून्य नव्याने ठरवत असतं, आणि ते ठरवण्याची सुरक्षित वेळ म्हणजे कपॅसिटिव्ह थर ‘बोट नाही’ म्हणतो तेवढीच. अंगठा पॅडवर कायम टेकवून काम करणाऱ्यांना ही वेळ मिळतच नाही. कुणी सांगितलं की ‘तासाभराने क्लिक जड होतं’, की मी सगळ्यात आधी अंगठ्याची सवय विचारतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

बटण वापरताना बोट दोन वेगळी कामं करतं: आधी ते बटण शोधतं, मग दाबतं. टचपॅडवर शोधायचं काही नसतं. तो एक मोठा सपाट भाग आहे आणि कुठे क्लिक होणार हे पडद्यावरचा कर्सर सांगतो. तिथे फक्त ‘दाबलं गेलं’ ही पावती हवी असते, आणि ती कंपनातून उत्तम देता येते. म्हणूनच टचपॅडवर हॅप्टिक्स इतकं यशस्वी झालं. कीबोर्डवर मात्र शोधणं हेच निम्मं काम आहे. एफ आणि जे या बटणांवरच्या छोट्या रेषा तर्जनीला घर सांगतात, बटणांच्या कडा बाकीच्या बोटांना रांगेत ठेवतात, आणि न दाबता बोटं बटणांवर विसावू शकतात. चेरी एमएक्स रेड हा मेकॅनिकल स्विच घ्या: एकूण प्रवास ४ मिलिमीटर, नोंद होते २ मिलिमीटरवर, लागणारा जोर ४५ सेंटिन्यूटन. बोट टेकणं आणि बटण लागणं यांच्यामध्ये चांगली दोन मिलिमीटरची मोकळी जागा आहे. फोनच्या काचेवर टेकणं हेच दाबणं, त्यामुळे बोटं कायम अधांतरी ठेवावी लागतात.

फोनचं कंपन शोधण्याला मदत करत नाही, कारण ते दाबल्यानंतर येतं. आणि ते पूर्ण काचेत, खरं तर पूर्ण फोनमध्ये पसरतं. दोन अंगठे काचेवर असतील तर दोघांनाही तोच झटका बसतो. वर सांगितलेली किंमत ती हीच. पॅसिनियन ग्राहकं कंपन उत्तम पकडतात, पण ते नेमकं कुठून आलं हे सांगण्यात ती कच्ची आहेत. कडा आणि आकार सांगणारी मर्केल ग्राहकं काचेवर रिकामी बसलेली असतात.

हे सोडवण्याचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. २००८ च्या ब्लॅकबेरी स्टॉर्मचा पूर्ण पडदाच एका मोठ्या बटणासारखा दाबला जायचा. कल्पनेमागचा हेतू चांगला होता, कारण टेकणं आणि दाबणं वेगळं झालं. पण पूर्ण पडद्याला एकच स्विच असल्याने एक बोट उठेपर्यंत दुसऱ्याने दाबता येत नसे, आणि भराभर टाइप करणाऱ्याचा वेग तिथेच अडायचा. पुढच्या वर्षीच्या स्टॉर्म २ मध्ये पिझो आले आणि सुधारणा झाली, तरी कडांचा प्रश्न तसाच राहिला. २०१२ च्या सुमारास टॅक्टस या कंपनीने पारदर्शक थराखालच्या सूक्ष्म वाहिन्यांत द्रव ढकलून पडद्यावर खरे उंचवटे आणून दाखवले. बोटाला सापडणारी बटणं, हवी तेव्हा वर येणारी, नको तेव्हा गायब! पण उंचवट्यांच्या जागा कारखान्यातच ठरलेल्या. भाषा बदलली, कीबोर्ड आडवा झाला, की ते उंचवटे चुकीच्या जागी. दैनंदिन वापरातल्या उपकरणांत ते रुळलं नाही.

दुसरी वाट घर्षणाची. कोरडं बोट विद्युतरोधक थर दिलेल्या धातूच्या पृष्ठभागावरून फिरवताना खाली एसी व्होल्टेज असेल तर पृष्ठभाग रबरी वाटतो, हे मॅलिंक्रॉट आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच नोंदवलं होतं. बोट आणि काच यांच्यात स्थिर विद्युत आकर्षण तयार होतं, बोट किंचित जास्त चिकटतं आणि घर्षण वाढतं. २०१० मध्ये डिस्ने रिसर्चने टेस्लाटच या नावाने ते टचस्क्रीनवर आणलं. याच्या बरोबर उलटी युक्तीही आहे: काच अल्ट्रासॉनिक वेगाने कंप पाववली की बोटाखाली हवेचा पातळ थर अडकतो आणि काच गुळगुळीत लागते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांच्या गटाने दोन्ही पद्धतींवर खूप काम केलं आहे. बोटाची जागा ओळखून घर्षण क्षणाक्षणाला बदललं तर सपाट काचेवर कडा, खाचा, कापडासारखा पोत जाणवतो. रोब्लेस-दे-ला-तोरे आणि हेवर्ड यांचा प्रयोग इथे थेट लागू पडतो.

मला स्वतःला हे तंत्रज्ञान मनापासून आवडतं, पण त्याची मर्यादा सांगायलाच हवी. घर्षण फिरत्या बोटालाच कळतं. बोट थांबलं की सगळं नाहीसं होतं. बटणावर बोट विसावून ठेवायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. घाम, ओलावा, हातमोजे यांनी परिणाम बदलतो. स्लायडर, नकाशा, व्हॉल्यूमची पट्टी अशा सरकवण्याच्या गोष्टींसाठी मी ते आनंदाने घेईन; टायपिंगसाठी घेणार नाही.

खरा आकार हवा असेल तर आज एकच खात्रीची वाट आहे: प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र हलणारी पिन. अंधांसाठीचे ब्रेल डिस्प्ले असेच असतात. प्रत्येक पिनखाली एक पिझो पट्टी असते, तिला साधारण २०० व्होल्ट दिले की पिन वर येते. ही पट्टी लांब असते आणि पिनच्या मागे आडवी पसरते, म्हणून एक ओळ बनवणं जमतं, पण ओळींखाली ओळी रचायला जागा राहत नाही. शिवाय प्रत्येक अक्षराला आठ पिना, प्रत्येक पिनेची वेगळी जोडणी. बहुतेक ब्रेल डिस्प्ले एका ओळीचे आणि फार महाग असतात ते यामुळेच. ज्यांना स्पर्शातूनच वाचायचं आहे त्यांच्यासाठी पूर्ण पानाचा, परवडणारा डिस्प्ले बनवणं हे या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं राहिलेलं काम आहे, असं मी मानतो. फोनचं क्लिक आणखी दोन टक्के कुरकुरीत करण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

काचेवर कुठे भरवसा ठेवू नये, हेही याच ओघात सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही विनाशिका सिंगापूरजवळ एका टँकरला धडकली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. जहाजाच्या दोन प्रोपेलरचे थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी नियंत्रणं, टचस्क्रीनवर होते. ते एकमेकांपासून सुटे झाले आणि वेगवेगळ्या स्थितीत गेले, हे चालवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. कारणं अनेक होती, अपुरं प्रशिक्षण त्यात मोठं. पण टचस्क्रीन थ्रॉटलमुळे हाताला मिळणारा संकेत हरवला, हेही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आपल्या अहवालात नोंदवलं. लोखंडी दांडे असते तर एक पुढे आणि एक मागे असल्याचं तळहाताला न बघताही कळलं असतं. नंतर नौदलाने पुन्हा दांड्यांकडे वळण्याचं ठरवलं. मोटारींच्या बाबतीत युरो एनकॅप या मोटारींच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरोपीय संस्थेच्या २०२६ पासूनच्या मूल्यमापनात इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांसाठी प्रत्यक्ष बटणं किंवा दांडे असण्याला महत्त्व दिलं आहे. काही मोटारींच्या पडद्यांत इलेक्ट्रोमॅग्नेटने क्लिक दिलं जातं, ते निमूट काचेपेक्षा नक्कीच बरं. पण ते दाबल्याची पावती देतं, बटण शोधून देत नाही. डोळे रस्त्यावर हवेत तिथे शोधणं बोटालाच जमलं पाहिजे.

तुमच्या लॅपटॉपपुरतं: दाबण्याची मर्यादा आणि झटक्याची तीव्रता या दोन्ही सेटिंग टचपॅडच्या पानावर बहुधा वेगवेगळ्या मिळतील. मर्यादा हलकी आणि तीव्रता मध्यम ठेवून आठवडाभर वापरा, बोटांना कमी त्रास होतो. मात्र एक खूण लक्षात ठेवा. पॅडची एखादी कड वर उचलल्यासारखी दिसली, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, किंवा क्लिक आपोआप व्हायला लागलं, तर सेटिंगशी खेळत बसू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पॅडच्या खाली किंवा शेजारी बॅटरी असते आणि फुगलेली बॅटरी पॅडला खालून ढकलते. मशीन बंद करा, चार्जर काढा, पॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि बॅटरी तपासून घ्या.

आता अ‍ॅपचं. कंपन तिथे द्या जिथे बोटाखाली खरोखर काहीतरी ‘लागतं’: स्लायडर मधल्या खुणेवर बसला, यादी शेवटाला पोचली, चाकावरचा आकडा एक घर पुढे गेला, ओढलेली वस्तू जागेवर बसली, टॉगल पलटलं. हे सगळे क्षण बोट काचेवर असतानाचे आहेत आणि त्यांना भौतिक अर्थ आहे. स्क्रोलभर कंपन देऊ नका, पान उघडल्याबद्दल देऊ नका, लक्ष वेधायला तर मुळीच देऊ नका. दर वेळी येणारं कंपन दोन दिवसांत जाणवायचं बंद होतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस फोनचं सगळंच हॅप्टिक्स बंद करून टाकतो.

उशीर होऊ देऊ नका. पडद्यावरचा बदल थोडा उशिरा आला तर डोळे सांभाळून घेतात. स्पर्श उशिरा आला तर तो वेगळीच घटना वाटतो. काही दशक मिलिसेकंदांच्या पुढे गेलात की बटण चिकट वाटायला लागतं. म्हणून सर्व्हरच्या उत्तराची वाट बघून झटका देऊ नका. दाबल्याची पावती लगेच द्या आणि यश-अपयश वेगळं दाखवा. आयफोनवर फीडबॅक जनरेटरला आधी ‘प्रिपेअर’ करून ठेवण्याची सोय आहे, बोट टेकताच ती वापरा. अँड्रॉइडवर मिलिसेकंद मोजून स्वतः कंपन रचण्यापेक्षा सिस्टिमचे तयार क्लिक आणि टिक इफेक्ट घ्या. प्रत्येक फोनची मोटर वेगळी असते. तुमच्या फोनवर नाजूक वाटणारा वीस मिलिसेकंदांचा ठोका फिरत्या मोटरच्या फोनवर जाणवतही नाही, आणि तो वाढवून पन्नास केला की चांगल्या फोनवर हाताला बोचतो. तयार इफेक्ट निर्मात्याने त्या मोटरसाठी जुळवलेले असतात. माणसाने सिस्टिममध्ये कंपन बंद केलं असेल तर तो निर्णय पाळा, आणि फक्त कंपनातून कळेल अशी एकही माहिती ठेवू नका, कारण फोन टेबलावर पडलेला असतो किंवा बोटांची संवेदना कमी झालेली असते. चाचणी घेताना आवाज बंद करा, शक्य असेल तर कानांवर हेडफोन चढवा. मोटरचा बारीक आवाज झटक्याला बराच हातभार लावतो, आणि त्याच्याशिवाय उरलेला झटका पुरेसा आहे का, हे असंच तपासता येतं.